चवदार तळं खुलं झालं, पण नळातून गटार येतंय त्याचं काय?

लिव्हर हा शब्द आपल्या वस्तीच्या संदर्भात उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे आधी दारूची बाटली येते. डॉक्टरच्या येते, पत्रकाराच्या येते, कधी कधी वस्ती सोडून फ्लॅटमध्ये गेलेल्या आपल्याच नोकरदार बांधवाच्याही येते. दारूने लिव्हर सडतं हे खरंच आहे. त्याविरुद्ध आपल्या आया-बहिणींनी मोर्चे काढले आहेत आणि पुढेही काढतील. पण जिने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, जिचं वय बावीस-तेवीस आहे आणि जिला आठवा महिना लागला आहे, अशी बाई डोळे पिवळे होऊन आठ-दहा दिवसांत बेशुद्ध पडते आणि पोटातल्या बाळासकट जाते, तेव्हा तिच्या लिव्हरबद्दल कोण बोलतं? वस्तीत एवढंच म्हणतात, "कावीळ झाली होती, गेली बिचारी." दवाखान्यातला कागदही जवळपास तेवढंच म्हणतो. आमचं म्हणणं आहे की हा प्रश्न जातीचा आहे, पाण्याचा आहे आणि म्हणून तो आंबेडकरी चळवळीचा आहे.

गरोदरपणात लिव्हर बिघडण्याची कारणं बरीच आहेत. काही आजार गरोदरपणामुळेच होतात, त्यांच्याकडे आपण पुढे येऊ. पण आपल्या देशात गरोदर बाईचा जीव घेणाऱ्या काविळीत एक विषाणू पुन्हा पुन्हा सापडतो, तो म्हणजे हिपॅटायटिस ई. हा विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि पिण्याच्या पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. म्हणजे मैला पाण्यात मिसळल्याशिवाय त्याची साथ येत नाही. धडधाकट माणसाला तो झाला तर ताप, मळमळ, पिवळे डोळे आणि काही आठवड्यांनी माणूस बरा. शंभरात एखादा दगावतो. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला तो झाला तर चित्र एकदम पालटतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा शंभर बायकांपैकी वीस ते पंचवीस दगावू शकतात. लिव्हर निकामी होतं, रक्त गोठेनासं होतं, मेंदूवर सूज येते. वाचली तरी मूल पोटात जातं किंवा दिवस भरण्याआधी जन्मतं, आणि आईकडून बाळालाही संसर्ग होतो. गरोदरपणातच हा विषाणू इतका का माजतो याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. संप्रेरकं आणि प्रतिकारशक्तीतले बदल यांच्याकडे संशोधक बोट दाखवतात. गरोदर बाईला देता येईल असं या विषाणूवरचं खात्रीचं औषधही नाही. इतरांना कधी कधी देतात ते रिबाव्हिरिन गरोदरपणात चालत नाही, कारण त्याने गर्भाला इजा होते. डॉक्टरांच्या हातात उरतं ते लिव्हर सावरेपर्यंत बाईला जिवंत ठेवणं. त्यासाठी आयसीयू लागतं, रक्त लागतं, रक्तातला प्लाझ्मा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी यातलं किती मिळतं हे आपण सगळे जाणतो.

ही माहिती काल-परवाची नाही. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत नजफगड नाल्याचं सांडपाणी यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत मागे सरकलं आणि त्यानंतरच्या आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गरोदर बायका इतरांपेक्षा जास्त संख्येने दगावल्या, हे तेव्हाच नोंदवलं गेलं. विषाणूचं नाव मागाहून कळलं. १९७८-७९ मध्ये काश्मीरमध्ये साथ आली, तेव्हा डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगाव फिरून हिशेब मांडला. कावीळ झालेल्या गरोदर बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीचं लिव्हर पूर्ण निकामी झालेलं त्यांना आढळलं. म्हणजे दिल्लीच्या साथीपासून आजपर्यंत सत्तरएक वर्षं सरकारला हे माहीत आहे. आपल्या महाराष्ट्रात २०१२ साली इचलकरंजीसारख्या यंत्रमाग कामगारांच्या शहरात काविळीची साथ आली, माणसं गेली, पंचगंगेच्या प्रदूषणावर चर्चा झाली. २०१५-१६ च्या हिवाळ्यात शिमल्यात सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचंच पाणी पिण्याच्या पाण्याच्या स्रोतात गेलं. प्रत्येक वेळी चौकशी होते, एखाददुसरा अधिकारी निलंबित होतो आणि पाइप तिथेच राहतो.

हा पाइप कुठून जातो ते नीट बघा. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथे पिण्याच्या पाण्याची अर्धा इंची लाइन उघड्या गटारातून गेलेली असते. कारण साधं आहे. रस्ता खोदून लाइन टाकायला पैसे आणि परवानगी लागते, गटार आयतं मिळतं. पाणी दिवसातून तास-दीड तास येतं. पाणी चालू असताना पाइपमध्ये दाब असतो, तेव्हा भोकातून पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं की दाब जातो आणि त्याच भोकातून गटार आत शिरतं. दुसऱ्या दिवशी नळाला पहिली दहा मिनिटं जे काळपट, वास मारणारं पाणी येतं ते हेच. कोणी थेट लाइनवर मोटर लावली असेल तर ती गटारही तेवढ्याच जोमाने ओढते. चोवीस तास दाबाने पाणी मिळणाऱ्या सोसायटीत हे सहसा घडत नाही. एकाच शहरातल्या एकाच टाकीचं पाणी एका ठिकाणी पाणी राहतं आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचा मैला होतो. आता कोणती वस्ती गटाराच्या उतारावर बसली आणि का बसली, गावात आपला वाडा ओढ्याच्या खालच्या अंगाला का, हे आपल्या वाचकाला समाजशास्त्राच्या पुस्तकातून सांगायची गरज नाही. तुंबलेल्या गटारात उतरून ते साफ करणारा माणूसही बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो आणि त्याची गरोदर बायको त्याच गटारातून आलेलं पाणी पिते.

आपण तक्रार केली की अधिकारी येतात, नमुना घेतात आणि "पाणी पिण्यायोग्य" असा कागद देतात. या कागदापुढे आपले कार्यकर्ते गप्प बसतात. बसू नये, कारण त्यात दोन फटी आहेत. पहिली म्हणजे हिपॅटायटिस ईचा विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. वस्तीत रुग्ण दिसू लागतात तेव्हा नळाला आलेलं पाणी दीड महिन्यापूर्वीचं नसतं. आजचा नमुना स्वच्छ निघाला म्हणून तेव्हाचं पाणी स्वच्छ होतं असं सिद्ध होत नाही. दुसरी फट अशी की नेहमीची तपासणी जिवाणूंची असते, विषाणूची नसते. क्लोरीनने जिवाणू लवकर मरतात, हा विषाणू त्यापेक्षा चिवट असतो. दिल्लीत नेमकं हेच झालं होतं. सांडपाणी आलंय हे कळल्यावर क्लोरीन वाढवलं, टायफॉइड वाढला नाही, पण कावीळ हजारोंनी झाली.

मग प्रशासनाकडून उत्तर येतं, "पाणी उकळून प्या." सल्ला चुकीचा नाही. गरोदर बाई असलेल्या घराने पाणी खळखळून उकळलंच पाहिजे, हे आम्हीही घरोघरी सांगतो. आमचा आक्षेप सल्ला देऊन हात झटकण्यावर आहे. पाच-सात माणसांच्या घराचं रोजचं पिण्याचं पाणी उकळायचं तर सिलिंडर किती दिवस आधी संपतो, हा हिशेब परिपत्रक काढणाऱ्याने कधी केला आहे का? आणि ते उकळणार कोण? पाण्यासाठी पहाटे रांगेत उभी राहणारी, चार घरची धुणीभांडी करून आलेली तीच गरोदर बाई. नगरपालिकेचं काम तिच्या चुलीवर ढकलायचं आणि ती आजारी पडली की "स्वच्छता पाळत नाहीत हे लोक" म्हणून मोकळं व्हायचं. अस्पृश्यतेचं जुनं तर्कशास्त्र हेच होतं. आधी घाण वाट्याला द्यायची आणि मग घाणेरडे म्हणायचं.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी तळं 'शुद्ध' करायला त्यात शेण आणि गोमूत्र घातलेल्या पंचगव्याच्या घागरी ओतल्या. विष्ठा पाण्यात कालवून पाणी शुद्ध करणारी ही व्यवस्था आहे, हे विसरू नका. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य करायला पुढे १९३७ साल उजाडलं. आज पाणी नाकारायला कोणी काठी घेऊन उभा राहत नाही. वस्ती 'अनधिकृत' आहे एवढं म्हटलं तरी काम भागतं. मुंबईत २००० नंतरच्या झोपड्यांना महापालिका पाणीच देत नव्हती. पाणी हक्क समिती न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की पाण्याचा हक्क हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी द्यावं लागेल. हा निकाल आपल्या किती शाखांच्या फायलीत आहे?

आता थोडं घरातलं बोलू. ते कडू लागेल, पण बोललंच पाहिजे. आपण १९५६ ला देव सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, भिंतीवरचे फोटो बदलले. कावीळ झाली की मात्र आपल्यातलेही कित्येक जण माळ घालणाऱ्याकडे जातात. काडीकाडीची ती माळ गळ्यात घालायची आणि जसजशी ती लांबत खाली येईल तसतशी कावीळ उतरते म्हणायचं. दोरा सैल होऊन माळ लांबते, त्यात लिव्हरचा काही संबंध नाही. कोणी हाताला चुना लावून पितळी ताटात हात धुतो आणि पिवळं पाणी दाखवतो. तो रंग चुन्याचा आणि पाण्यात घातलेल्या झाडपाल्याचा असतो, रक्तातल्या पित्ताचा नसतो. कोणी नाकात कडू रस टाकतो आणि नाकातून पिवळं पाणी वाहिलं की "निघाली कावीळ" म्हणतो. नाकातली कातडी भाजली की पाणी वाहणारच. या लोकांना यश येतं त्याचं कारण आम्ही वर सांगितलंच आहे. धडधाकट माणसाची साधी कावीळ आपोआप बरी होते, श्रेय माळेला जातं. तोच हिशेब गरोदर बाईला लावला की ती मरते, कारण तिच्याकडे वाट बघायला आठवडा नसतो. त्यात पथ्य म्हणून तिचं जेवण तोडायचं आणि रस्त्यावरच्या गाड्यावरचा, कुठल्या पाण्याचा कोण जाणे अशा बर्फाचा उसाचा रस पाजायचा. झाडपाल्याच्या काही औषधांनी लिव्हरलाच इजा होते, ते वेगळंच. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. काविळीच्या माळेचं नाव त्या यादीत नाही. कायदा येईल तेव्हा येईल. 'अत्त दीप भव' म्हणणाऱ्यांनी माळवाल्याच्या दारात गरोदर सून नेऊ नये, यासाठी कायद्याची वाट कशाला पाहायची?

काही गोष्टी कार्यकर्त्यांना तोंडपाठ असाव्यात, म्हणून लिहितो. सगळ्या लिव्हरच्या आजारांत डोळे पिवळे होत नाहीत. सातव्या महिन्यानंतर अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायांना प्रचंड खाज सुटते, रात्री जास्त, झोप लागत नाही. घरात म्हणतात की पोट ताणतंय म्हणून खाज येते. तो पित्त साठण्याचा आजार असू शकतो. त्यात आईचा जीव सहसा वाचतो, पण रक्तातली पित्ताम्लं फार वाढली तर बाळ पोटात अचानक जाण्याची भीती असते. रक्त तपासलं, औषध दिलं आणि योग्य वेळी प्रसूती केली तर बाळ वाचवता येतं. दुसरा प्रकार रक्तदाबाशी जोडलेला आहे, त्याला हेल्प सिंड्रोम म्हणतात. उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली कळ, डोकं ठणकणं, डोळ्यापुढे अंधारी, रक्तातल्या प्लेटलेट घसरणं. घरचे "ॲसिडिटी" म्हणून गोळी देतात आणि बाई झटक्यांत जाते. तिसरा आजार दुर्मीळ पण फार वाईट. शेवटच्या महिन्यांत लिव्हरमध्ये झपाट्याने चरबी साठते, उलट्या थांबत नाहीत, रक्तातली साखर खाली जाते, बाई भ्रमिष्टासारखी बोलू लागते. इथे लवकरात लवकर प्रसूती हाच उपाय असतो. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत अशी खाज, न थांबणाऱ्या उलट्या, पोटाच्या वरच्या भागात कळ, पिवळे डोळे किंवा गडद लघवी यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्तदाब, लघवी, प्लेटलेट आणि लिव्हरची तपासणी मागून घ्यायची. नुसती 'पित्ताची' गोळी घेऊन परतायचं नाही. विदर्भातल्या साथींसाठी एक जास्तीची गोष्ट. आपल्या समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे आणि त्या रुग्णांचे डोळे एरवीही पिवळसर असतात. "हिचं नेहमीचंच आहे" असं म्हणून नवी कावीळ दुर्लक्षित होऊ शकते. सिकलसेलचं कार्ड असलेल्या गरोदर बाईबाबत दुप्पट सावध राहा.

हिपॅटायटिस बी मात्र पाण्यातून पसरत नाही, तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला जातो. त्याचं संकट आईपेक्षा बाळावर जास्त. जन्मतः लागण झालेल्या दहांतल्या जवळपास नऊ मुलांत तो आयुष्यभर ठाण मांडतो आणि पुढे लिव्हर सिरॉसिस किंवा कॅन्सरपर्यंत नेऊ शकतो. उपाय आपल्याकडे आहे. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस, शक्य तिथे इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन, आणि आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर गरोदरपणात टेनोफोव्हिरची गोळी. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे. पण आम्ही काय पाहिलं आहे? रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की कोपऱ्यातली खाट, फायलीवर मोठ्या अक्षरांत शेरा, हातमोजे घालूनही हात न लावणारी माणसं, "पुढच्या हॉस्पिटलला घेऊन जा" आणि तिथूनही पुढे. घरी आल्यावर सासूने ताट वेगळं केलेलं. एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने, शेजारी झोपल्याने हिपॅटायटिस बी होत नाही. बाळाला लस दिली की आईने अंगावर पाजायलाही हरकत नाही. ताट वेगळं करणं म्हणजे काय हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या भोगून कळलं आहे, त्या समाजातल्या घराने सुनेचं ताट वेगळं करावं? आणि सुशिक्षित डॉक्टर-नर्सने बाळंतिणीला विटाळासारखं वागवावं? याला आम्ही अस्पृश्यताच म्हणू, दुसरा शब्द वापरणार नाही.

आमच्या बैठकांमध्ये एक वाक्य हमखास येतं, "हे सगळं बरोबर, पण हा डॉक्टरांचा विषय झाला. चळवळीपुढे संविधान आहे, आरक्षण आहे." असं म्हणणाऱ्या मित्रांनी २८ जुलै १९२८ चं मुंबई कायदेमंडळातलं बाबासाहेबांचं भाषण काढून वाचावं. गिरण्या-कारखान्यांतल्या कामगार बायकांना बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी यासाठीच्या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात राष्ट्राचं हित आहे, या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलला पाहिजे, पण बाईच्या श्रमावर नफा कमावणारा मालकही त्यातून सुटू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. गरोदर बाईचं शरीर हा तिचा खासगी मामला नसून शासनाच्या जबाबदारीचा विषय आहे, ही भूमिका त्यांनी महाडनंतर दीड वर्षाच्या आतच मांडली. आपण ती डॉक्टरांवर सोपवून मोकळे झालो.

शासन ही जबाबदारी कशी झटकते याचा एक नमुना पाहा. मातामृत्यूंचं वर्गीकरण करताना अतिरक्तस्राव, झटके ही 'प्रत्यक्ष' कारणं धरतात. काविळीने गेलेली गरोदर बाई 'अप्रत्यक्ष' कारणात जाते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही विभागणी जगभर चालते, त्याबद्दल वाद नाही. पण फाइलीत तो शब्द पडला की पाणीपुरवठा विभागाला कोणी विचारत नाही. गटारातला पाइप कोणी टाकला, कोणी तपासला, तक्रार कोणी दाबली, हे प्रश्न मातामृत्यूच्या बैठकीत यायलाच हवेत. लसीचंही तसंच. हिपॅटायटिस ईवरची लस चीनमध्ये २०११ पासून मान्यताप्राप्त आहे आणि २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊच्या छावणीत साथ आटोक्यात आणायला ती गरोदर बायकांनाही देण्यात आली. आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. तिच्याबद्दल साथीच्या काळापुरता तरी निर्णय व्हावा, अशी मागणी आपल्या एकाही जाहीरनाम्यात आम्ही वाचलेली नाही.

तेव्हा येत्या २० मार्चला महाडला जाणाऱ्या गाड्या जाऊ द्या, त्याआधी एक रविवार वस्तीत काढा. नळातल्या पाण्यात क्लोरीन आहे का हे ओटी टेस्टने दोन मिनिटांत कळतं. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर पांढरंच राहतं. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असलं पाहिजे. वरची पहिली टाकी तपासून उपयोग नाही, गल्लीतलं सगळ्यात शेवटचं घर तपासा. गावात असाल तर जलसुरक्षकाकडे टीसीएल पावडरचा साठा आणि नोंदवही मागा, ग्रामपंचायतीला पाण्याचं कोणतं कार्ड मिळालं आहे, हिरवं, पिवळं की लाल, ते ग्रामसभेत विचारा. शहरात असाल तर माहितीच्या अधिकारात चार गोष्टी मागा: आपल्या वॉर्डाच्या पाइपलाइनचा नकाशा, गेल्या वर्षभरातल्या गळतीच्या तक्रारी आणि त्यावर काय केलं, पाणी तपासणीच्या नोंदी, आणि वॉर्डातल्या दवाखान्यांत नोंदलेले काविळीचे रुग्ण महिन्यावार. यातल्या शेवटच्या दोन याद्या शेजारी ठेवून दोन ते आठ आठवड्यांचा फरक धरून वाचा. आशाताईंना सोबत घ्या, कोणत्या घरात कोण गरोदर आहे ते त्यांना माहीत असतं. अर्ज दोन प्रतींत करा, पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

जय भीम.